सामायिक कंपोस्ट सुरू करताय? आधी सुका पाला जमवा

एखाद्या इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या दहा-पंधरा घरांनी मिळून ओल्या कचऱ्याचं खत करायचं ठरवलं, की पहिल्या बैठकीत चर्चा रंगते ती पेटीवर. लाकडी की प्लास्टिकची, केवढी, कुठं ठेवायची. मग कचरा कुजवायला घालायचं विरजण कुठलं चांगलं, यावर अर्धा तास जातो. सुका पाला कुठून आणायचा हे कुणी विचारतच नाही. बंद पडलेले जे उपक्रम मी पाहिले, त्यातले बहुतेक नेमके इथेच अडकले. ओला कचरा रोज येत राहिला, पाला संपला, वास सुटला, तक्रार झाली आणि पेटीला कुलूप लागलं.

ज्यांनी खताच्या ढिगात कधी हात घातलेला नाही, पण शेजाऱ्यांना घेऊन हे काम सुरू करायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हा क्रम लिहितोय. शक्यतो याच क्रमानं जा. पेटीची खरेदी सहाव्या पायरीवर आहे, ते मुद्दामच.

१. हवेचा हिशोब समजून घ्या

कचराडेपोत ओला कचरा इतर कचऱ्याखाली दाबला जातो. तिथं हवा पोचत नाही, आणि बिनहवेचं कुजणं म्हणजे मिथेन. १०० वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापवतो; २० वर्षांच्याच हिशोबात पाहिलं तर ८० पटींहून जास्त. तोच कचरा हवेत कुजला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तोही झाडांनी अलीकडेच हवेतून घेतलेल्या कार्बनचा.

म्हणजे सगळा फायदा ढिगात हवा खेळती ठेवण्यात आहे. ओला, दबलेला, न हलवलेला ढीग तुमच्या कोपऱ्यातही मिथेन सोडतो. शिवाय नायट्रस ऑक्साइडही सोडतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा वायू आहे. 'आम्ही खत करतो' एवढ्यानं हवामानाचं भलं होत नाही; खत नीट करावं लागतं.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका. वाया गेलेल्या अन्नाचं खत करणं हा दुसरा पर्याय आहे, पहिला नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. अन्नाची नासाडी जगातल्या हरितगृह वायूंच्या ८ ते १० टक्के उत्सर्जनाला कारण ठरते. ते पिकवायला, वाहून न्यायला, थंड ठेवायला जे इंधन जळलं, ते खत करून परत मिळत नाही.

२. एक आठवडा मोजा

प्रत्येक घरात दोन भांडी ठेवा. एकात सालं, देठं, टरफलं, चहाचा चोथा. दुसऱ्यात जे खाता आलं असतं पण टाकावं लागलं ते. रोज रात्री दोन्हींचं वजन कागदावर मांडा. स्वयंपाकघरातला साधा काटा पुरतो.

दुसऱ्या भांड्याचे आकडे घरातल्या घरात बरंच बोलणं घडवून आणतात, तुम्ही मध्ये पडायची गरज नसते. कोणाच्या घरचा आकडा किती, हे मात्र चारचौघांत वाचून दाखवू नका. एकूण बेरीज सांगा, बस्स. दक्षिण कोरियानं २००५ मध्ये अन्नकचरा थेट जमिनीत पुरायला बंदी घातली आणि २०१३ पासून 'जेवढा टाकाल तेवढे पैसे' ही पद्धत देशभर लागू केली. पैसे घेणं आपल्या हातात नाही, पण मोजणं आहे.

मोजायला कुणी तयारच नसेल तर अंदाजासाठी वरच्याच अहवालातली सरासरी धरा: घरगुती अन्नकचरा माणशी वर्षाला ७९ किलो. चार माणसांची दहा घरं म्हणजे दिवसाला साडेआठ किलोच्या आसपास, अंदाजे १७ लिटर. हा आकडा पुढं पाल्याच्या हिशोबाला लागणार आहे.

३. माणसं: थोडी, पण नावानिशी

सगळ्या इमारतीला एकदम ओढू नका. मनापासून तयार असलेली पाच-सात घरं घ्या, पहिलं खत निघू द्या, मग बाकीचे आपणहून विचारतात.

'ही सगळ्यांची जबाबदारी' म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही. दर आठवड्याला दोन नावं ठरलेली हवीत. एक जण गावाला गेला तर दुसरा असतो. पाळी दिवसाची नको, आठवड्याचीच ठेवा. रोज माणूस बदलला तर काल ढीग कसा होता हे कुणालाच माहीत नसतं, आणि ढिगाचं सगळं निदान 'कालपेक्षा आज काय वेगळं' यावरच चालतं.

नवं घर जोडताना फोनवर नियमांचा फोटो पाठवून भागत नाही. त्या घरातला जो माणूस प्रत्यक्ष कचरा आणून टाकणार आहे, त्यालाच पेटीपाशी न्या, त्याच्या हातानं एकदा टाकून घ्या, त्याच्याच हातानं पाला पसरून घ्या.

४. जागा आणि कागदपत्रं

जागा सावलीची, खाली माती असलेली, पाण्याच्या नळाजवळची आणि कुणाच्या खिडकीखाली नसलेली हवी. विहीर, ओढा, पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं यांपासून लांब. पेटीसमोर फावडं मारायला माणसाला मोकळं उभं राहता आलं पाहिजे. ही जागा कुणी धरत नाही आणि मग ढीग उलटायचा कंटाळा येतो.

हे कागद एका फायलीत ठेवा:

- जागामालकाची किंवा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी. तोंडी परवानगी समिती बदलली की विरते.
- स्थानिक स्वराज्य संस्थेचे कचरा आणि खताबाबतचे नियम. किती मोठ्या ढिगापर्यंत परवाना लागत नाही, ते नक्की पाहून घ्या.
- सहभागी घरांची यादी, दूरध्वनी क्रमांक आणि पाळीचं वेळापत्रक.
- एका पानाचा करार: काय टाकायचं, काय नाही, खर्च कसा वाटायचा, खत कसं वाटायचं, आणि उपक्रम थांबवायची वेळ आली तर जागा पूर्ववत कोण करणार.
- खर्चाची वही आणि पावत्या.

करारातला शेवटचा मुद्दा, थांबवण्याचा, सुरुवातीलाच लिहिला की साशंक शेजारी निम्मे शांत होतात. परवानगी देणाऱ्याला भीती खताची नसते, पेटी कायमची मागे राहण्याची असते.

५. सुका पाला: खरं काम इथं आहे

ढिगातल्या सूक्ष्मजीवांना कार्बन आणि नायट्रोजन साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात हवे असतात. भाजीच्या देठा-सालांत हे प्रमाण १५ ते २० ला १ असतं, म्हणजे नायट्रोजन जास्त. तो जादा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो. नाकाला झोंबणारा वास येतो तो हाच. सुक्या पानांत प्रमाण ४० ते ८० ला १, लाकडाच्या भुशात काही शेकड्यांना १. दोन्ही मिसळले की मेळ बसतो.

आकडे पाठ करायची गरज नाही. रोजच्या वापराला एकच नियम पुरतो: एक घमेलं ओला कचरा, तर दोन घमेली सुका पाला. भुसा वापरत असाल तर त्याहून बराच कमी.

आता मघाचा आकडा घ्या. दिवसाला १७ लिटर ओला कचरा, म्हणजे ३४ लिटर पाला. महिन्याला साधारण एक घनमीटर, म्हणजे मीटरभर लांब, रुंद आणि उंच असं एक खोकं भरून. एवढा पाला दर महिन्याला कुठून येणार, याचं उत्तर कागदावर लिहिता येत नसेल तर घरांची संख्या कमी करा. इथं आशावाद चालत नाही.

पाला एका हंगामात धो धो पडतो आणि उरलेले महिने मिळत नाही, तेव्हा साठवण लागतेच. बागेची झाडलोट करणाऱ्यांशी बोलून ठेवा. ते पोती भरून द्यायला बहुधा आनंदानं तयार असतात, कारण त्यांनाही तो कुठंतरी टाकायचाच असतो. चुरून भरला तर बराच कमी जागेत मावतो आणि लवकर कुजतो. अख्खी रुंद पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून थर धरतात आणि हवा अडवतात, म्हणून निदान पायांखाली तुडवून तरी घ्या. पोती कोरड्या जागी ठेवा. वीजमीटर, गाड्या आणि विडी-सिगारेट ओढण्याच्या कोपऱ्यापासून लांब, कारण सुका पाला पेट घ्यायला वेळ लागत नाही.

पाला कमी पडला तर फाडलेला पुठ्ठा आणि वर्तमानपत्राचा कागद चालतो. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आधी काढा. गुळगुळीत चकचकीत कागद नको, आणि यंत्रातून निघणाऱ्या पावत्या तर अजिबात नकोत. त्या कागदावर बिस्फेनॉलसारख्या रसायनांचा लेप असतो. भुसा घ्याल तो साध्या लाकडाचा. प्लायवूड, एमडीएफ किंवा रंगवलेल्या लाकडाचा भुसा फुकट मिळाला तरी नाकारा. आणि तणनाशक मारलेल्या हिरवळीचं कापलेलं गवत घेऊ नका. क्लोपायरॅलिडसारखी काही तणनाशकं कुजवण्यातूनही टिकून राहतात आणि पुढं त्या खतातली टोमॅटोची, शेंगवर्गी भाज्यांची रोपं वेडीवाकडी वाढतात.

६. सामान

- दोन पेट्या, जमल्यास तीन. प्रत्येकी साधारण एक घनमीटर. यापेक्षा खूप लहान ढीग उष्णता धरून ठेवत नाही.
- पाल्यासाठी झाकणाचं वेगळं पिंप, पेटीला लागून.
- बुडाला आणि बाजूंना ६ मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी. उंदरांसाठी.
- लांब दांड्याचं फावडं किंवा काटेरी दाताळं, दोन घमेली, पाण्याची झारी.
- हातमोजे, नाकावर बांधायचा मास्क.
- लांब टोकाचा तापमापक. नसेल तर लोखंडी गज चालेल.
- ताणकाटा आणि दोरीनं बांधलेली वही-पेन्सिल.

दोन पेट्या का? एक भरत असताना दुसरी निवांत कुजत असते. एकाच पेटीत वरून रोज ताजं पडत राहिलं तर खत कधीच 'तयार' होत नाही. फिरती पिंपं दिसायला सुरेख असतात, पण दहा घरांना पुरत नाहीत आणि भरली की फिरवता येत नाहीत.

विकतचं विरजण टाकलं तर नुकसान नाही. मात्र लागणारे सूक्ष्मजीव पाल्यावर आणि मातीत असतातच. मूठभर तयार खत किंवा बागेतली माती टाका, पैसे वाचवा आणि जाळी चांगल्या प्रतीची घ्या.

७. पेटी भरणं

तळाला काटक्या आणि जाड वाळका पाला यांचा वीतभर जाडीचा थर. खालून हवा शिरायला ही जागा लागते. त्यावर ओला कचरा, मग दुप्पट पाला, दाताळ्यानं जरा मिसळणं आणि सगळ्यात वर फक्त पाला. टाकून झाल्यावर वरून पाहिलं तर ओल्या कचऱ्याचा तुकडासुद्धा दिसता कामा नये. चिलटांवरचा अर्धा उपाय एवढाच आहे.

मोठे तुकडे बोटाएवढे चिरून आणा. बारीक वाटून मात्र आणू नका. लगदा झाला की हवा जात नाही.

८. काय घालायचं नाही

चालणाऱ्या गोष्टींची यादी सोपी आहे: भाज्या-फळांचे कच्चे अवशेष, चहा-कॉफीचा चोथा, अंड्याची टरफलं, वाळलेली फुलं, कुंड्यांमधली छाटणी. चकवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात:

- 'जैवविघटनशील' पिशव्या. सगळ्यात मोठा सापळा. 'कंपोस्टेबल' छापलेल्या बहुतेक पिशव्या औद्योगिक प्रकल्पातल्या सलग उष्णतेसाठी प्रमाणित असतात. युरोपातलं ईएन १३४३२ हे मानक त्याचंच. तुमच्या पेटीत त्या महिनोन्महिने तशाच राहतात.
- चहाच्या पिशव्या. अनेकींचा कागद प्लास्टिकच्या धाग्यानं सांधलेला असतो. फाडून चोथा घाला, पिशवी नको.
- फळांवरचे स्टिकर. चाळताना एकेक वेचावे लागतात तेव्हा राग येतो. सालीवरून आधीच काढा.
- मांस, मासे, दूध, तेलकट अन्न. तत्त्वतः कुजतं, पण उघड्या सामायिक ढिगात उंदरांना आमंत्रण. यासाठी जपानी बोकाशी पद्धतीनं बंद डब्यात आंबवून मग मातीत पुरण्याचा मार्ग आहे, पण तो पहिल्या वर्षी नको.
- कुत्र्या-मांजरांची विष्ठा. तिच्यातले परजीवी आणि रोगजंतू घरगुती ढिगात मरतीलच याची खात्री नाही.
- रोगट झाडं आणि बी धरलेलं तण. ढीग नीट तापतो याची खात्री होईपर्यंत बाहेरच.

९. आठवड्याचं काम

आठवड्यातून एकदा ढीग उलटा: बाहेरचा भाग आत, आतला बाहेर. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरमध्ये खताची जी पद्धत बसवली, तिच्या मुळाशीही थर आणि ठरावीक वेळी उलटणं हेच होतं.

उलटताना मध्यातलं मूठभर मिश्रण घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर पाला वाढवा. मूठ उघडताच भुगा सांडला तर झारीनं पाणी शिंपडत उलटा. वजनाच्या हिशोबात ५० ते ६० टक्के ओल हवी, पण मूठ तेच सांगते.

मग तापमान. चांगल्या ढिगाचा गाभा ५५ ते ६५ अंश सेल्सिअसला जातो. गज वापरत असाल तर मध्यभागी खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. टोक हातात धरवत नसेल तर काम चालू आहे. ७० च्या वर गेलं की उपयोगी जीवही मरू लागतात, तेव्हा लगेच उलटा. रोगजंतू मारण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा सांडपाण्याच्या गाळाच्या खतासाठीचा निकष असा: बंद पात्रात ५५ अंश सलग तीन दिवस, उघड्यावर लांब रांगेत रचलेल्या ढिगात १५ दिवस आणि त्या काळात निदान पाच वेळा उलटणं. घरगुती पेटीला हा नियम लागू नाही, पण 'नीट तापला' म्हणजे काय हे त्यावरून कळतं.

मधल्या थरात राखाडी-पांढरी, राख पसरल्यासारखी बुरशी दिसली की नवे लोक घाबरतात, 'खराब झालं' म्हणून फोन येतो. ती खरी बुरशी नसते; ते ॲक्टिनोमायसीट्स नावाचे जिवाणू, लाकडासारखा चिवट भाग तोडणारे. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, तो याच मंडळींच्या कुळातला. असू द्या.

दम्याचा त्रास असणाऱ्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी उलटण्याचं आणि चाळण्याचं काम घेऊ नये. धुळीबरोबर बुरशीचे बीजाणू उडतात. त्यांना वही सांभाळायला द्या, तेही मोठं काम आहे. ढीग कोरडा असेल तर आधी शिंपडा, मगच हलवा.

१०. तक्रार आली की

*कुजका, सडक्या अंड्यासारखा वास:* हवा नाही. उलटा, पाला घाला, खालच्या काटक्या दबल्यात का पाहा.

*झोंबणारा वास:* ओला कचरा जास्त. पुठ्ठा किंवा भुसा घाला.

*तळातून काळं पाणी:* तेच कारण. हे पाणी 'टॉनिक' म्हणून झाडांना घालायचा मोह टाळा. अर्धवट कुजलेल्या ढिगाचा निचरा आहे तो.

*जाड करड्या अळ्या:* बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, कचरा झपाट्यानं संपवतात. दिसायला मात्र किळसवाण्या, म्हणून पाल्याचा थर जाड करा आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

*काहीच होत नाही, ढीग थंड:* कोरडा असेल, लहान असेल, किंवा नुसता पालाच असेल. तिन्ही तपासा.

तक्रार करणाऱ्याला त्याच दिवशी पेटीपाशी बोलवा आणि त्याच्यासमोर उलटा. दोन दिवस उशीर झाला की विषय वासाचा राहत नाही.

११. खत काढणं आणि वाटणं

पेटी काठोकाठ भरली की तिच्यावर तारीख लिहा आणि त्यात भर घालणं थांबवा. नीट तापलेला, उलटलेला ढीग तीन-चार महिन्यांत तयार होतो. न उलटलेला सहा महिने ते वर्ष घेतो. ढीग थंड झाल्यावरही महिनाभर मुरू द्या.

तयार आहे का ते असं बघा: ओलसर खत मूठभर घेऊन हवाबंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबूस किंवा अमोनियाचा आला तर अजून वेळ आहे. दुसरी चाचणी बियांची. खत-माती मिसळून लवकर उगवणारं कुठलंही बी पेरा, शेजारी नुसत्या मातीत पेरा. खतातलं नीट उगवलं नाही तर अर्धकच्च्या खतानं मुळं जाळली असं समजा.

वाटणी घरांप्रमाणे समान करा, आणलेल्या कचऱ्याच्या वजनाप्रमाणे नको. नाहीतर जास्त टाकणाऱ्याला बक्षीस मिळतं. पाळी चुकवणाऱ्यांचं काय, हे मात्र करारात आधी लिहिलेलं बरं. ज्यांच्याकडे कुंड्या नाहीत त्यांचा वाटा आवारातल्या झाडांना द्या. कुंडीत नुसतं खत भरू नका. एक भाग खत, तीन भाग माती पुरे.

चाळणी साधारण एक सेंटिमीटरची घ्या. वर उरलेल्या काटक्या, कोयी आणि न कुजलेले तुकडे फेकू नका, ते जिवाणूंनी भरलेले असतात. नव्या पेटीच्या तळात तेच घाला आणि वहीत नवं पान उघडून तारीख लिहा.